जाड लाकूड आणि साधी करवत



या व्यासपीठावरून इतिहास, साहित्य, तत्त्वज्ञान आणि राजकारण या विषयांवर विद्वानांची भाषणे आपण नेहमी ऐकता. यंदा चालकांनी कामगार चळवळीतल्या एका कार्यकर्त्यास बोलावले, तेव्हा संप, बोनस किंवा महागाई यांपैकी एखादा विषय आम्ही घेऊ, अशी पुष्कळांची अपेक्षा असेल. आम्ही मात्र विषय कळवला तो, घरच्या साध्या करवतीने जाड लाकूड अचूक कसे कापावे, हा. विषयपत्रिका वाचून काहींना हसू आले असणार. चार इंची वासा कापण्यात व्याख्यान देण्याजोगे ते काय, असेही कोणी म्हटले असेल. तर त्यात काय आहे, हेच आज सांगावयाचे आहे. आमचे शिक्षण शाळेत थोडे आणि कामाच्या जागी फार झाले. त्यामुळे या भाषणात ग्रंथांचे दाखले कमी आणि लाकडाचा भुसा जास्त उडेल, तो श्रोत्यांनी सहन करावा, एवढी विनंती आहे.

आमचे म्हणणे आरंभीच सांगून टाकतो. जाड लाकूड नेमके कापले जाण्यास दंडातली ताकद फारशी उपयोगी पडत नाही, आणि महाग यंत्रही पडत नाही. ते कापले जाते चारी बाजूंच्या आखणीने, आणि प्रत्येक बाजूने थोडे थोडे पुढे जाण्याच्या धीराने. हे ज्याने एकदा स्वतःच्या हाताने करून पाहिले, त्याला सुताराच्या मजुरीचा हिशेब निराळ्या रीतीने समजू लागतो. पहिली गोष्ट हत्याराची आहे, दुसरी माणसाची आहे. दोन्हींचा संबंध कसा आहे, ते क्रमाने पाहू.

एक उदाहरण घेऊ. जुना वाडा पाडला की त्याच्या सागवानी तुळया आणि वासे जुन्या लाकडाच्या वखारीत येतात. असा चार इंच रुंद आणि चार इंच जाड वासा आपण आणला, आणि अंगणात ठेवण्याच्या बाकाला त्याचे सतरा सतरा इंचांचे चार पाय करावयाचे ठरवले. काम सोपे दिसते. चार तुकडे, बस्स! पण येथेच जाड लाकूड आपला स्वभाव दाखवते.

पाऊण इंचाची फळी कापताना करवत एका अंशाने कलली, तर वरची कड आणि खालची कड यांत एक तृतीयांश मिलिमीटरचा फरक पडतो. रंध्याचा एक हात फिरवला की तो नाहीसा होतो. तोच एक अंश चार इंची लाकडात पावणेदोन मिलिमीटर होतो, आणि सहा इंची तुळईत अडीच मिलिमीटरच्या वर जातो. आपले मिस्त्री इंचाचे आठ भाग करून एका भागाला सूत म्हणतात. त्या हिशेबाने चार इंची लाकडात अर्ध्या सुताहून अधिक चूक झाली. कलणे तेवढेच, पण जाडीने ते मोठे करून दाखवले. चार पाय चार दिशांना असे कलले की बाक डुगडुगू लागतो. मग मालक एक पाय किंचित कापतात, तरी डुगडुगतो. मग दुसरा कापतात. आणि असे करता करता बाकाचा पाट होतो!

शिवाय जाड लाकडात आणखी एक अडचण आहे. करवत एकदा खोल गेली की तिच्या दोन्ही अंगांना लाकडाच्या भिंती असतात आणि त्या भिंतीच तिला वाट दाखवतात. वाट सरळ असेल तर सरळ, वाकडी असेल तर वाकडी. दोन इंच आत गेल्यावर मूठ पिळून करवत सरळ करू पाहणारा गृहस्थ पात्याला बाक आणतो, लाकडाला नाही. म्हणून पहिला अर्धा इंच हेच खरे काम होय. पुढचे काम करवत आपण होऊन करते.

आता आखणी. जुन्या लाकडात पहिली शोधाशोध खिळ्यांची करावी. लोहचुंबक चारी बाजूंनी फिरवला की गंजून आत बसलेला खिळा सापडतो. तो काढल्याशिवाय करवत लावू नये, नाहीतर दात्यांचा चुरा होतो. नंतर वाशाच्या एकमेकींस लागून असलेल्या दोन चांगल्या बाजू निवडून त्या रंध्याने सपाट कराव्यात, एकमेकींशी काटकोनात आहेत की नाहीत ते गुण्याने पाहावे, आणि त्यांवर पेन्सिलीने खूण करावी. पुढचे सारे मोजमाप या दोन बाजूंवरूनच घ्यावयाचे. गुण्याचा दांडा कधी या बाजूस तर कधी त्या बाजूस, असे करणाऱ्याच्या रेघा एकमेकींना भेटत नाहीत.

पण गुण्या तरी खरा आहे काय? त्याची परीक्षा अगदी सोपी आहे. सरळ कडेच्या फळीवर गुण्या लावून एक रेघ ओढावी, तो उलटा करून त्याच ठिकाणी दुसरी ओढावी. दोन्ही रेघा एकावर एक पडल्या तर गुण्या खरा. त्या फाकल्या, तर फाकलेल्या अंतराचा निम्मा भाग ही गुण्याची चूक. दुकानातून नवा गुण्या घेताना ही परीक्षा काउंटरवरच करावी. दुकानदार रागावला तरी हरकत नाही. सत्याची परीक्षा मागणाऱ्यावर कोणी ना कोणी रागावतच असते.

रेघ पेन्सिलीपेक्षा धारदार सुरीने ओढावी. पेन्सिलीच्या रेघेला जाडी असते आणि त्या जाडीत करवत कोठेही जाऊ शकते. सुरीची रेघ लाकडाचे तंतू तोडते, त्यामुळे कड फुटत नाही. आणि ही रेघ एका बाजूस ओढून थांबू नये. ती वाशाच्या चारी बाजूंनी फिरवावी आणि निघाली तेथेच येऊन तिने मिळावे. न मिळाली तर समजावे की वासा चौरस नाही किंवा गुण्या घसरला. असे कळले तर बरेच झाले. लाकूड अजून शाबूत आहे. पुष्कळ हौशी मंडळी फक्त वरच्या बाजूस रेघ ओढतात. वरून पाहता कापही सरळ दिसतो आणि खाली तो कोठे निघतो, ते खाली वाकून पाहिल्यावर कळते. दिसते तसे नसते, म्हणूनच जग फसते, असे म्हणतात ते जाड लाकडाला पुरेपूर लागू आहे.

रेघ झाली की ज्या बाजूचा तुकडा टाकून द्यावयाचा, त्या बाजूने पटाशीने रेघेलगत एक बारीक उतरती खाच पाडावी. करवतीला त्यात बसायला जागा मिळते. करवतीच्या पात्याची जाडीही लाकूड खात असते, हे ध्यानात ठेवून ती नेहमी टाकाऊ बाजूस चालवावी.

हाच वासा लांबीने उभा चिरावयाचा असेल तर गुण्या पुरत नाही. तेथे काव लावलेली दोरी दोन्ही टोकांना ताणून धरतात आणि मधोमध चिमटीत उचलून सोडतात. लाकडावर लाल रेघ उमटते. सुतार हा शब्द सूत्रधार या संस्कृत शब्दापासून आला आहे. सूत्र म्हणजे ही दोरी. ज्या कोणी या धंद्याला नाव दिले, त्याला करवत, रंधा, वाकस ही सारी हत्यारे दिसत होतीच. तरी त्याने नाव दिले ते दोरी धरणाऱ्याचे. आमच्या मते या कामाबद्दल इतके मार्मिक भाष्य दुसरे नाही.

आता करवतीकडे वळू. आडवे कापण्याची करवत निराळी आणि उभे चिरण्याची निराळी. लाकूड हे तंतूंचे बनलेले असते. आडवे कापणाऱ्या करवतीचे दाते सुरीच्या टोकांसारखे असतात आणि ते तंतू तोडतात. चिरणाऱ्या करवतीचे दाते बारीक पटाशीसारखे असतात आणि ते तंतूंमधून ढलप्या काढतात. एकीचे काम दुसरीकडून करवले तर घाम फार आणि काम थोडे. जाड लाकडाला फार बारीक दाते घेऊ नयेत. दोन दात्यांमधल्या खोबणीत भुसा साठून बाहेर यावयाचा असतो; खोबण लहान असली तर ती भरते आणि करवत नुसती घसरत राहते. आडव्या कापासाठी इंचाला सात-आठ आणि उभ्या चिरण्यासाठी चार-पाच दाते ठीक पडतात.

दाते एक डावीकडे, एक उजवीकडे असे किंचित वाकवलेले असतात. त्यामुळे खाच पात्याहून रुंद पडते आणि पाते अडकत नाही. एका बाजूचे दाते जास्त वाकलेले किंवा जास्त धारदार असतील तर करवत त्याच बाजूस ओढ घेते. पुष्कळ वेळा हाताला दिलेला दोष खरे म्हणजे दात्यांचा असतो. नाचता येईना अंगण वाकडे, ही म्हण खरी. पण कधी कधी अंगण खरोखरच वाकडे असते, एवढे न्यायबुद्धीने मान्य करावे. सागाच्या लाकडात सिलिका, म्हणजे वाळूच्या जातीचे द्रव्य असते, त्यामुळे सागावर धार लवकर जाते. म्हणून काम सुरू करण्यापूर्वी तिकोनी कानशीने दाते घासून घ्यावेत.

वासा दोन घोड्यांवर ठेवावा. कापावयाची रेघ घोड्यांच्या बाहेरच्या अंगास यावी, दोन घोड्यांच्या मध्ये येऊ नये. मध्ये कापू लागलात तर वासा आपल्या वजनाने मधोमध खचतो, खाच मिटते आणि करवतीला चिमटा बसतो. तुकडा मोठा असेल तर एकाने तो शेवटी नुसता सावरावा. उत्साहाने वर उचलू नये, कारण उचलले तरी खाच मिटतेच. उभे चिरताना खाचेत लाकडाची बारीक पाचर सरकवीत जावी. पात्याच्या दोन्ही अंगांवर मेणबत्ती घासली तर करवत हलकी चालते.

मूठ तीन बोटांनी आणि अंगठ्याने धरावी. तर्जनी पात्याच्या दिशेने सरळ लांबवावी. या एका बोटाने करवतीचा कल हाताला कळतो. खांदा, कोपर, मनगट आणि पाते एका रेषेत यावीत. बाजारात मिळणारी लाकडी मुठीची करवत बहुधा ढकलताना कापते. जपानी करवत ओढताना कापते, आणि आपल्याकडील जुन्या सुतारांचीही तशीच असे. दात्यांची टोके ज्या दिशेस असतील त्या दिशेस जोर द्यावा आणि परतताना करवत नुसती सरकू द्यावी.

आता कापणे. पलीकडच्या कडेवर दोन-चार हलके हात मारून वरच्या बाजूस रेघेवर सुमारे अर्धा इंच खोल खाच करावी. मग थांबावे. वासा आपल्याकडे एक वळण फिरवावा. मघाची खाच आता समोरच्या बाजूस येते आणि नवी रेघ वर येते. तिच्यावरही अर्धा इंच. अशा चारी बाजू झाल्या की वाशाभोवती एक अखंड खाच पडते आणि तिच्या भिंतींतून आता करवतीला दुसरी वाट उरत नाही. यानंतर करवत तिरपी धरून एका कोपऱ्यातून खोल जावे, समोरची आणि वरची अशा दोन्ही खाचा डोळ्यांसमोर ठेवाव्यात, पुन्हा वळवावे, पुन्हा खोल जावे. शेवटी मध्यभागी थोडा गाभा उरतो, तो सरळ कापून टाकावा.

पाते स्वच्छ आणि चकचकीत असेल तर जुने कारागीर त्याचा आरशासारखा उपयोग करतात. वाशाची कड पात्यात प्रतिबिंबित होते. खरी कड आणि प्रतिबिंबातली कड एका सरळ रेषेत दिसली तर करवत काटकोनात आहे. मोड दिसला तर ती कलली आहे. या यंत्राला वीज लागत नाही आणि ते बिघडत नाही.

कोणी म्हणेल, आता विजेवर चालणारी गोल करवत स्वस्तात मिळते. मग हा खटाटोप कशाला? यंत्राशी आमचे वैर नाही. पण गणित पाहा. घरगुती वापराच्या सव्वासात इंची पात्याची गोल करवत काटकोनात सुमारे अडीच इंच खोल जाते. म्हणजे चार इंची वासा तिच्यानेही एका दमात कापत नाही. वरून आणि खालून, दोन बाजूंनी कापावा लागतो, आणि दोन्ही काप मध्ये भेटण्यासाठी पुन्हा चारी बाजूंची तीच रेघ लागते. सहा इंची तुळई तर चारी बाजूंनी कापूनही मध्ये इंचभर गाभा उरतो आणि तो शेवटी हातकरवतीनेच तोडावा लागतो. करवतीला टेकवण्यासाठी सरळ पट्टी क्लॅम्पने घट्ट बसवली तर काम उत्तम होते. यंत्राने घाम वाचतो, आखणी वाचत नाही.

येथे आमच्या विषयातला गंभीर भाग येतो. आपल्या शहरांत घरोघरी चाललेल्या सुतारकामात दगड आणि फरशी कापण्याच्या लहान यंत्राला लाकडाचे पाते बसवलेले सर्रास दिसते. त्याचे पाते सुमारे ११० मिलिमीटर व्यासाचे असते आणि मिनिटाला बारा-तेरा हजार फेरे घेते. बारा हजार फेऱ्यांना पात्याच्या कडेचा वेग ताशी जवळजवळ २५० किलोमीटर होतो. लाकडाच्या गोल करवतीला खालच्या बाजूस मागेपुढे सरकणारे झाकण असते आणि पाते लाकडाबाहेर येताच ते आपोआप मिटते. फरशीच्या यंत्राला असे झाकण नसते. खालचे पाते उघडेच फिरते. ते जाते जेमतेम सव्वा इंच खोल. चार इंची वाशात ते जबरदस्तीने घुसवले, किंचित तिरके झाले, खाच मिटली, की यंत्र उसळून हातावर येते. लाकडासाठी हे यंत्र वापरू नये आणि आपल्या घरी वापरू देऊ नये. त्याने काम स्वस्त होते असे म्हणतात. ते स्वस्त कोणाला आणि महाग कोणाला पडते, ते पाहा.

१९२३ साली आपल्या देशात कामगारांच्या नुकसानभरपाईचा कायदा झाला. त्याच्या परिशिष्टात शरीराचा कोणता भाग गेला असता कमाईची शक्ती किती टक्के गेली असे धरावे, याचा तक्ता दिलेला होता. अंगठा, तीस टक्के. संपूर्ण तर्जनी, चौदा टक्के. मधले बोट, बारा. अनामिका किंवा करंगळी, सात. कायदा करणाऱ्यांना कोठेतरी आकडा लिहावा लागतो, हे आम्ही जाणतो. अशा तक्त्यावरून कामगारांना पैसे मिळवून देणे हा संघटनेच्या कामाचाच एक भाग आहे. पण मघाशी करवतीच्या पात्यावर लांबवलेली तर्जनी आठवा. करवत कलली हे ज्या बोटाला कळते, ते हे बोट. ते गेले म्हणजे सुताराचे चौदा टक्के गेले काय? त्याची दोरीच गेली.

१९४८ च्या कारखाने कायद्याने यंत्राच्या धोकादायक फिरत्या भागाला आडोसा घालणे हे मालकाचे कर्तव्य ठरवले. ती कामगारांच्या लढ्याची मोठी कमाई होती. पण कारखान्यासाठी केलेला कायदा कारखान्याच्या फाटकाशी थांबतो. आपल्या दिवाणखान्यात कपाट करीत बसलेल्या मिस्त्रीपर्यंत आणि त्याच्या हाताखालच्या पोरापर्यंत तो पोचत नाही. तेथे देखरेख करणारा कोण? काम सांगणारे आपण. 'मिस्त्री, परवापर्यंत झालेच पाहिजे' असे आपण म्हणतो तेव्हा यंत्रावरचे झाकण काढून ठेवण्याची आज्ञाच आपण देत असतो, हे आपल्या लक्षात येत नाही.

या संदर्भात एका सुताराची हकिगत सांगण्यासारखी आहे. १८४० साली सॅम्युअल पार्नेल नावाचा इंग्रज सुतार न्यूझीलंडमध्ये वेलिंग्टन येथे उतरला. जॉर्ज हंटर नावाच्या व्यापाऱ्याने त्याला कोठार बांधावयास सांगितले. पार्नेलने मान्य केले, पण दिवसाला आठच तास काम करीन अशी अट घातली. दिवसाचे चोवीस तास. आठ कामाचे, आठ झोपेचे आणि आठ माणसाचे स्वतःचे, असा त्याचा साधा हिशेब होता. लंडनमध्ये असे चालत नाही, असे व्यापाऱ्याने म्हणून पाहिले. परंतु वसाहत नवी होती, सुतार थोडे होते, आणि अट मान्य झाली. शिकागोच्या १८८६ च्या लढ्याच्या आधी शेहेचाळीस वर्षांची ही गोष्ट आहे. हिशेब मांडणारा माणूस सुतार होता याचे आम्हाला नवल वाटत नाही. थकलेल्या हाताला रेघ दिसते पण पाळता येत नाही, हे ज्याला रोज भोगावे लागते, त्याला तासांची किंमत सर्वांआधी कळणार.

आपल्याकडे नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ पासून मुंबईच्या गिरणी कामगारांना संघटित केले आणि १८९० साली गिरण्यांना आठवड्याची सुटी मिळवली. तोपर्यंत कामगाराला हक्काचा रविवार नव्हता. आज आपण रविवारी सकाळी हौस म्हणून हातात करवत घेतो, ती हौस अशी कोणीतरी लढून आणलेली आहे. ती खुशाल भोगावी, एवढेच आमचे सांगणे आहे.

आणि ती भोगताना एक प्रयोग करावा. चार इंची वाशाचा एक तुकडा, एक परीक्षा घेतलेला गुण्या, एक सुरी आणि एक धार लावलेली करवत घ्यावी. चारी बाजूंनी रेघ ओढावी, चारी बाजूंनी थोडे थोडे कापावे. कापलेले तोंड गुण्याने तपासावे आणि गुण्या उजेडाकडे धरावा. पाते आणि लाकूड यांच्यामधून उजेडाची चीर दिसेल. पहिल्या वेळी ती मोठी दिसेल, पाचव्या वेळी कमी होईल. ती अजिबात नाहीशी करण्यास माणसाचे किती दिवस जातात, याचा अंदाज त्या उजेडातच मिळेल.

त्यानंतर मिस्त्री घरी येईल तेव्हा तो बराच वेळ नुसता मोजतो आणि रेघा ओढतो, कापत काहीच नाही, अशी तक्रार आपण करणार नाही. तोच खरा कामाचा वेळ आहे आणि मजुरी त्याचीच आहे. त्याला हवे ते दिवस द्यावेत, ठरलेले पैसे ठरलेल्या दिवशी द्यावेत, आणि यंत्राला झाकण आहे की नाही ते आपल्या डोळ्यांनी पाहावे. एवढे या शहरातल्या प्रत्येक घराने केले, तर अनेक बोटे शाबूत राहतील आणि आपली बाकेही डुगडुगणार नाहीत.